मथळ्याला मत मिळतं, बातमीचं काय?

जुलै २०२३ मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाच्या चाहत्यांनी एक सापळा लावला. रेडिटवर या खेळाडूंचा मोठा गट आहे. आपल्या गप्पा कुणीतरी यंत्राकरवी उचलतं, त्यांचे 'लेख' बनवतं आणि जाहिरातींसकट छापतं, असा संशय तिथल्या मंडळींना आला होता. मग एकाने पोस्ट टाकली: खेळात अखेर 'ग्लॉर्बो' येतोय, मला किती आनंद झालाय! ग्लॉर्बो नावाचं काहीही त्या खेळात नव्हतं. बाकीच्यांनी लगेच री ओढली आणि ग्लॉर्बोमुळे खेळ कसा पालटेल यावर भरपूर चर्चा केली. मूळ पोस्टमध्ये एक वाक्य मुद्दाम पेरलेलं होतं. बॉट चालवत असलेल्या एखाद्या मोठ्या न्यूज साइटने यावर लेख छापावा, अशी आपली फार इच्छा आहे, असं ते वाक्य.

लेख आला. 'द पोर्टल' नावाच्या साइटने ग्लॉर्बोच्या आगमनाने खेळाडू हरखून गेल्याची बातमी दिली आणि बॉटबद्दलचं ते वाक्यही चाहत्याची प्रतिक्रिया म्हणून त्यात जसंच्या तसं घातलं. बोभाटा झाल्यावर लेख काढून टाकला गेला.

यंत्राने लेख लिहिला याचं अनेकांना नवल वाटलं. मला त्याहून गंभीर वाटतं ते हे, की तो छापण्याआधी एकाही माणसाने वाचला नव्हता. वाचला असता तर त्या एका वाक्यापाशीच थांबावं लागलं असतं. आणि चोरी पकडली ती वाचकांनी. गेमिंगच्या बातम्यांमध्ये खरं-खोटं निवडण्याचं काम आज मोठ्या प्रमाणावर अशाच बिनपगारी, जाणत्या वाचकांच्या खांद्यावर आहे. कोणती बातमी पुढे जावी आणि कोणती बाहेर राहावी, हे वाचकच ठरवतात अशा अनेक जागा आहेत. त्या जागा क्लिकबेटपासून कशा वाचतात आणि कशा बुडतात, हे समजून घेणं प्रत्येक वाचकाच्या कामाचं आहे.

न तपासता उचलायची जुनी सवय

न तपासता छापणं इंटरनेटच्या आधीही होतं. 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' या अमेरिकी मासिकाने एप्रिल १९९२ च्या अंकात 'स्ट्रीट फायटर २' या खेळात शेंग लाँग नावाचा गुप्त प्रतिस्पर्धी दडलेला आहे, असं छापलं. त्याच्यापर्यंत पोचण्याची युक्तीही दिली होती, आणि ती जवळजवळ अशक्य होती. हा एप्रिल फूल होता. पण इतर काही प्रकाशनांनी शहानिशा न करता तो खरा म्हणून उचलला. पोरांनी आर्केडमध्ये नाण्यांवर नाणी घातली. मासिकाने खुलासा केला तो त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या अंकात.

तेव्हा अशी चूक पसरायला कागद, छपाई आणि महिनाभराचा अवधी लागायचा. नक्कल करणाऱ्यालाही खर्च होता. आज नकलेला खर्च जवळपास शून्य आहे आणि कमाई पहिल्या क्लिकपासून सुरू होते. रोग जुनाच आहे. तो इतका फोफावला, कारण त्यात पैसा आला.

पैसा कुठून येतो

बहुतेक गेमिंग साइट वाचकाकडून पैसे घेत नाहीत. पानावर जाहिराती असतात आणि त्यांचा हिशोब दर हजार दर्शनांमागे होतो. हजारामागे मिळणारी रक्कम छोटी असते, त्यामुळे पानं खूप लागतात आणि क्लिकही खूप लागतात. चार दिवस खपून लिहिलेला शोधलेख आणि चाळीस मिनिटांत जुळवलेली चटपटीत यादी यांना क्लिक सारखेच मिळणार असतील, तर मालक यादीच मागणार. २००८ मध्ये गॉकर मीडिया या अमेरिकी समूहाने लेखकांच्या मानधनाचा काही भाग थेट पानाच्या वाचनसंख्येशी जोडला. 'कोटाकू' ही गेमिंगची नावाजलेली साइट तेव्हा त्याच समूहात होती. कुणाच्या लेखाला किती क्लिक पडले हे तोवर संपादकाचं कुतूहल होतं. आता ते लेखकाच्या मिळकतीचं मोजमाप झालं.

क्लिक मिळवायचा कसा, याचं शास्त्रही तयार होतं. जॉर्ज लोवेनस्टीन या अभ्यासकाने १९९४ मध्ये कुतूहलाबद्दल एक मांडणी केली. आपल्याला माहीत असलेलं आणि माहीत करून घ्यावंसं वाटणारं, यांच्यात फट दिसली की मन बेचैन होतं आणि ती बुजवायला धडपडतं. क्लिकबेटचा मथळा अशी फट मुद्दाम पाडतो. 'या खेळाबद्दल मोठी घोषणा', 'हे पात्र परत येणार?', 'चाहते संतापले, कारण...' असल्या मथळ्यांत माहिती आहे असा भास होतो आणि माहिती नेमकी वगळलेली असते.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या अपवर्दी या साइटने याचं तंत्र बनवलं. तिथे एकेका लेखासाठी लेखकाने पंचवीस मथळे लिहायचे आणि त्यांतले काही खऱ्या वाचकांवर आजमावून जिंकेल तो ठेवायचा, अशी पद्धत होती. त्या चाचण्यांची नोंद पुढे संशोधकांना मिळाली. २०२३ मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात त्यावरचा अभ्यास आला. सुमारे १ लाख ५ हजार मथळे तपासल्यावर दिसलं, की सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढतं. सकारात्मक शब्दांनी ते उलट घटतं. खेळांच्या बातम्यांत 'संताप', 'फसवणूक', 'अपयश', 'संपलं' हे शब्द इतके का दिसतात, त्याचं उत्तर या आकड्यात आहे.

खेळाच्या बातमीची दुखरी जागा

क्लिकबेट सगळीकडे आहे. गेमिंगमध्ये ते अधिक माजतं त्याला त्या व्यवसायाची घडण कारणीभूत आहे. मोठा खेळ बनायला पाच-सात वर्षं लागतात. त्या काळात कंपनीचे लोक गुप्ततेच्या कराराने बांधलेले असतात. कंपनी बोलते ती तिने ठरवलेल्या दिवशी: निन्टेन्डो डायरेक्ट, सोनीचा स्टेट ऑफ प्ले, जूनमधला समर गेम फेस्ट, डिसेंबरमधले गेम अवॉर्ड्स. मधल्या महिन्यांत शांतता. साइटला मात्र बातमी रोज हवी असते, आणि कोट्यवधी चाहते दर तासाला काही नवीन आहे का म्हणून शोधत असतात. मागणी आहे, माल नाही. ही पोकळी अफवा भरून काढते.

'ग्रँड थेफ्ट ऑटो ६' (जीटीए ६) चं उदाहरण बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये तो बनवणाऱ्या रॉकस्टारने काम सुरू असल्याचं सांगितलं. सप्टेंबर २०२२ मध्ये चोरीला गेलेले सुमारे ९० व्हिडिओ फुटले. डिसेंबर २०२३ मध्ये पहिला ट्रेलर आला, मे २०२५ मध्ये दुसरा. २०२५ सालात येणारा खेळ आधी २६ मे २०२६ वर आणि मग १९ नोव्हेंबर २०२६ वर ढकलला गेला. जवळपास चार वर्षांत ठामपणे सांगण्यासारख्या मोठ्या गोष्टी एवढ्याच. त्याच काळात या खेळाबद्दलचे मथळे मात्र अक्षरशः रोज येत राहिले. मूळ कंपनी टेक-टूचे तिमाही निकाल लागले की 'जीटीए ६ बद्दल महत्त्वाची माहिती' असा मथळा ठरलेलाच. आत शिरलं तर कंपनीने आधीचीच तारीख पुन्हा सांगितलेली असते.

एखादी बातमी कशी फुगते ते जवळून पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेतो. एका खेळाचा दिग्दर्शक पाऊण तासाच्या पॉडकास्टमध्ये बोलतो. विचारलं जातं, याचा पुढचा भाग करायला आवडेल का? तो म्हणतो, आवडेल की, पण सध्या तसं काही ठरलेलं नाही. पहिली साइट लिहिते: 'पुढच्या भागाबद्दल दिग्दर्शकाचं सूचक विधान'. दुसरी साइट पॉडकास्ट ऐकत नाही, पहिलीचं वाचून लिहिते: 'पुढचा भाग येणार? दिग्दर्शकाचं उत्तर ऐकून थक्क व्हाल'. तिसरी दुसरीचं वाचते: 'पुढच्या भागाच्या बातमीने चाहते भारावले'. चाहते म्हणजे सोशल मीडियावरच्या तीन प्रतिक्रिया. 'पण सध्या तसं काही ठरलेलं नाही' हा अर्धा भाग पहिल्याच पायरीवर गळला आणि तिसऱ्या पायरीपर्यंत प्रश्नाची बातमी झाली. इथे कुणी सरळ खोटं बोललेलं नाही, तरी शेवटच्या वाचकाच्या हाती खोटंच पडलं. असा मजकूर नाकारणं अवघड जातं ते याच कारणाने.

आपल्याकडेही हे पीक आहे. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. मग जुलै २०२१ मध्ये भारतासाठी त्याच खेळाचा नवा अवतार 'बीजीएमआय' आला, जुलै २०२२ मध्ये तो अ‍ॅप स्टोअरवरून हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या मधल्या दहा महिन्यांत 'बीजीएमआय या तारखेला परत येणार' असे किती मथळे आले याची गणती नाही. तारीख यायची, जायची, आणि नवा मथळा नवी तारीख द्यायचा. 'फ्री फायर मॅक्स' या खेळात बक्षीस मिळवून देणाऱ्या रिडीम कोडचं तर रोजचंच. 'आजचे कोड' असा लेख दररोज निघतो, मराठी बातम्यांच्या साइटवरही निघतो. कोड मुदतीचे असतात, ठरावीक प्रदेशापुरतेच चालतात आणि पाहुणा म्हणून उघडलेल्या खात्यावर वापरताच येत नाहीत. हे सगळं माहीत नसलेला आठवीतला मुलगा रोज ती लांबलचक यादी एकेक करून घालून पाहतो आणि रोज पान उघडतो. त्याच्या हाती बक्षीस क्वचितच लागतं. साइटला त्याचा क्लिक मात्र रोज मिळतो.

वाचकांच्या मतांवर चालणारी चाळणी

यावर उपाय म्हणून एक सुंदर कल्पना पुढे आली. संपादक मोजके, वाचक हजारो, तर निवड वाचकांनाच करू द्यावी. लिंक कुणीही टाकावी, बाकीच्यांनी मत द्यावं, चांगलं वर जावं, वाईट तळाशी राहावं. रॉब माल्डा यांनी १९९७ मध्ये सुरू केलेलं स्लॅशडॉट, २००४ मधलं डिग आणि २००५ मधलं रेडिट यांनी ही कल्पना घडवली. गेमिंगच्या बातम्यांसाठी 'एनफोरजी', म्हणजे न्यूज फॉर गेमर्स, ही साइट याच वाटेने गेली.

कल्पना चांगली असली तरी तिच्यात एक मोठं भोक आहे. मारिया ग्लेन्स्की आणि सहकाऱ्यांनी रेडिट वापरणाऱ्या सुमारे तीनशे जणांच्या वर्षभराच्या हालचाली तपासून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडला, की ७३ टक्के वेळा लोकांनी लिंक न उघडताच मत दिलं होतं. म्हणजे बातमी कशी आहे यावर मतदान होतच नव्हतं. मथळा आवडला का, यावर होत होतं. आणि मथळा आवडावा यासाठीच तर क्लिकबेट घडवलेलं असतं. जी चाळणी क्लिकबेट अडवायला लावली, तीच त्याला वर ढकलते.

दुसरं भोक मेंढरांच्या चालीचं. लेव्ह मुचनिक, सिनान अरल आणि शॉन टेलर यांनी २०१३ मध्ये 'सायन्स'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका न्यूज साइटवरच्या १ लाखाहून अधिक प्रतिक्रियांपैकी काहींना त्यांनी सुरुवातीलाच, कुठलाही गुण न पाहता, एक अनुकूल मत देऊन ठेवलं. ती प्रतिक्रिया पाहणाऱ्या पहिल्या माणसाने अनुकूल मत देण्याची शक्यता ३२ टक्क्यांनी वाढली आणि शेवटचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी चढले. प्रतिकूल मताचा परिणाम मात्र लोकांनी भरून काढला. खोटी टीका आपण हुडकतो, खोट्या कौतुकाला भुलतो.

तिसरं भोक वेळेचं. रेडिटचा कोड २००८ ते २०१७ या काळात जगासाठी खुला होता, त्यातून त्याचं गणित दिसलं. पहिल्या दहा मतांचं वजन पुढच्या नव्वद मतांइतकं. शिवाय साडेबारा तास उशिरा आलेल्या पोस्टला आधीच्या पोस्टची बरोबरी करायला मतं फक्त एक दशांश लागायची. ताजेपणाला न्याय देणारं हे सूत्र होतं, पण अशा सूत्रामुळे पहिल्या काही मिनिटांत मिळालेली मूठभर मतं बातमीचं भवितव्य ठरवतात. पहिल्या मिनिटांत पूर्ण लेख वाचून झालेला नसतो. दहा ओळखीच्या लोकांना हाताशी धरून स्वतःची लिंक वर चढवणाऱ्याला मात्र तेवढी मिनिटं पुरतात.

डिग कसं बुडालं

ही भोकं दुर्लक्षिली की काय होतं, हे डिगने दाखवलं. २००६ मध्ये एका विश्लेषणात दिसलं, की पहिल्या पानावरच्या निम्म्याहून अधिक, ५६ टक्के, बातम्या आघाडीच्या शंभर सदस्यांनी टाकलेल्या होत्या. हजारोंची निवड म्हणून जे दाखवलं जात होतं, ते शंभरांच्या हातात होतं. फेब्रुवारी २००७ मध्ये डिगने आघाडीच्या सदस्यांची यादी काढून टाकली, पण गटबाजी थांबली नाही.

खरा घाव ऑगस्ट २०१० मध्ये चौथ्या आवृत्तीने घातला. प्रकाशकांना आपल्या बातम्या आपोआप साइटवर सोडण्याची मुभा मिळाली आणि वाईट बातमी खाली दाबण्याचं 'बरी' हे बटण काढून टाकलं गेलं. माल आत यायला दार उघडं आणि नाकारायचा हक्क गेला. सदस्यांनी बंड केलं. डिगचं पहिलं पान त्यांनी प्रतिस्पर्धी रेडिटच्या लिंकांनी भरून टाकलं, आणि अनेक जण तिकडेच निघून गेले. जुलै २०१२ मध्ये डिगचं नाव आणि साइट बीटावर्क्स या कंपनीने अवघ्या ५ लाख डॉलरला घेतली. डिग वाचकांच्या गर्दीला संपत्ती समजत होतं. खरी संपत्ती होती त्या गर्दीतली 'नको' म्हणणारी माणसं.

काय चालतं

पंचवीस वर्षांच्या या अनुभवातून काही रिवाज टिकून राहिले आहेत. त्यांचा गाभा एकच: मतदान सुरू होण्याआधी पारख व्हायला हवी.

पहिला रिवाज उंबरठ्याचा. एनफोरजीवर नवी बातमी थेट सगळ्यांसमोर जात नाही. ती आधी प्रतीक्षेत राहते. नियमित योगदान देणारे सदस्य ती पाहतात, मंजुरी देतात किंवा कारण सांगून तक्रार करतात: ही आधीच येऊन गेली आहे, मथळा फसवा आहे, ही निव्वळ जाहिरात आहे. पुरेशी मंजुरी मिळाली तरच ती पुढे सरकते, आणि मग वाचकांच्या प्रतिसादाने तिचं 'तापमान' अंशांत चढतं. लोकप्रियता आणि पात्रता यांच्यासाठी दोन वेगळ्या पायऱ्या ठेवणं, हे या रचनेचं मर्म आहे.

दुसरा रिवाज मूळ स्रोताचा. रेडिटवरच्या 'गेम्स' या मोठ्या गटात दुसऱ्याच्या बातमीवरून लिहिलेली बातमी चालत नाही, मुळाशी जाणारी लिंक द्यावी लागते. वरच्या पॉडकास्टच्या उदाहरणाला हा नियम लावून पाहा. दुसरी आणि तिसरी साइट दारातच अडते, पहिलीलाही बहुतेक वेळा थेट पॉडकास्टची लिंक मागे टाकते. नक्कल करण्यातला फायदाच निघून जातो. एवढा एक नियम कसोशीने पाळला तरी निम्मा कचरा आत येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

तिसरा मथळ्याचा. पॉल ग्रॅहम यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या हॅकर न्यूजचा नियम आहे: मूळ मथळाच द्या, मात्र तो दिशाभूल करणारा किंवा गळ टाकणारा असेल तर बदला. 'अमुक करण्याचे दहा भन्नाट मार्ग' या मथळ्यातून दहा जातो, भन्नाट जातो, 'अमुक कसं करावं' एवढंच उरतं. मथळा असा सोलून काढला की आत काही आहे की नाही, ते लगेच कळतं. लोक मथळ्यावरच मत देणार असतील, तर मथळा प्रामाणिक करणं हाच सगळ्यात सरळ उपाय.

चौथा अफवेवर शिक्का मारण्याचा. अफवांना पूर्ण बंदी घालून भागत नाही. गेमिंगमधल्या कितीतरी खऱ्या बातम्या आधी फुटलेल्या माहितीच्याच रूपात येतात. म्हणून फुटलेल्या बातम्यांना वाहिलेले गट प्रत्येक पोस्टवर ती कितपत विश्वासार्ह आहे याची खूण लावतात, माहिती फोडणाऱ्याचं आधीचं किती खरं ठरलं ते लक्षात ठेवतात आणि बातमी खोटी निघाली तर तसं त्याच पोस्टवर नोंदवतात. नाव खराब होण्याची भीती असली की हवेत तीर मारणारे कमी होतात. विकिपीडियावर व्हिडिओ गेमच्या लेखांवर काम करणाऱ्या संपादकांनी तर प्रकाशनांची यादीच केली आहे: कोणती विश्वसनीय, कोणती परिस्थिती पाहून वापरायची, कोणती टाळायची. प्रत्येक निर्णयामागे झालेली चर्चा कुणालाही वाचता येते.

पाचवा रिवाज राखणदारांवरच्या राखणीचा. प्लेस्टेशनवाले आणि एक्सबॉक्सवाले यांचं भांडण जुनं आहे. समोरच्याच्या कन्सोलची खरी, चांगली बातमीही 'फालतू' म्हणून तक्रार करून पाडायची, हा प्रकार सर्रास होतो. क्लिकबेट अडवण्याचं हत्यार मग आपल्या नावडत्या बातम्यांवर चालतं. स्लॅशडॉटने याचा विचार फार लवकर केला होता. तिथे प्रतिक्रियांना गुण देण्याचा अधिकार नियमित वाचकांमधून आलटून-पालटून मिळायचा. प्रत्येकाला पाच गुण, तेही थोड्या दिवसांत वापरले नाहीत तर बाद. ज्या चर्चेत आपण गुण दिले तिथे आपण बोलायचं नाही, आणि बोललो तर दिलेले गुण रद्द. १९९९ पासून गुण देणाऱ्यांनी ते नीट दिले का, हे इतर वाचक तपासू लागले. अधिकार थोडा, थोड्या काळासाठी आणि हिशोब देण्याच्या अटीवर. आजच्या कितीतरी नव्या साइटनी हे पुन्हा शिकायला हवं.

कुंपण आणि शेत

नियम कडक केले की वेगळंच नुकसान होतं. सांगलीत बसून एखाद्या भारतीय खेळाचं मनापासून परीक्षण लिहिणाऱ्या मुलीकडे मोठ्या साइटचं नाव नसतं. ती स्वतःची लिंक टाकते तेव्हा ती जाहिरातबाज ठरते. रेडिटवर पूर्वी एक ढोबळ मर्यादा सांगितली जायची: दहा लिंकांमध्ये स्वतःची एकच असावी. ही चाल मला योग्य वाटते. आधी दुसऱ्यांचं वाच, त्यांच्या चर्चेत भाग घे, मग आपलं दाखव. नव्या लेखकाला दार बंद होत नाही आणि फक्त क्लिक गोळा करायला आलेला कंटाळून निघून जातो. नवख्याची बातमी नाकारताना कारण दोन ओळींत लिहून दिलं, तर तो पुढच्या वेळी चांगलं घेऊन येतो. कारण न देता नाकारलेला बहुतेक वेळा परत येतच नाही.

मोठी काळजी मात्र वेगळी आहे. २०२३ मध्ये एका गेमिंग माध्यमसमूहाने 'एआय संपादक' या पदाची जाहिरात दिली. अपेक्षा होती आठवड्याला २०० ते २५० लेखांची. चाळीस तासांचा आठवडा धरला तर एका लेखाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं येतात. इतक्या वेळात लेख धड वाचूनही होत नाही, मग तपासणं दूरच. अशा मजकुराचा लोंढा एकीकडे, आणि दुसरीकडे दिवसभराची नोकरी आटोपून रात्री तासभर प्रतीक्षेतल्या बातम्या पाहणारा सदस्य. वाईट मजकूर बनवणं स्वस्त होत गेलं, तो ओळखण्याची मेहनत तेवढीच राहिली.

ही मेहनत करणाऱ्यांना निदान अवजारं तरी मिळायला हवीत. २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या अ‍ॅपना आपल्या माहितीसाठी जबर दर लावले. अनेक मॉडरेटर, म्हणजे गटांची राखण करणारे सदस्य, आपलं काम त्याच अ‍ॅपवरून करत होते. निषेध म्हणून आठ हजारांहून अधिक गटांनी दारं लावून घेतली. बहुतेक दर तरीही कायम राहिले आणि काही लोकप्रिय अ‍ॅप बंद पडली. फुकट राबणाऱ्या माणसांच्या जोरावर उभी राहिलेली कंपनी त्यांच्याच हातातली साधनं काढून घेते, हे मला अन्यायाचं वाटतं. त्याची किंमत कंपनीच्या आधी वाचक मोजतो, कारण राखणदार दमला की कचरा आधी त्याच्यासमोर येतो.

आपल्या हातात काय आहे

यंत्रं, सूत्रं आणि बटणं यांची चर्चा खूप होते. या सगळ्या घटनांतून मला दिसतं ते साधं आहे. क्लिकबेट हरतं तेव्हा कुणीतरी बातमी शेवटपर्यंत वाचलेली असते आणि त्याला 'नको' म्हणण्याचा अधिकार असतो. यातलं एक जरी नसलं तर दुसरं फुकट जातं. वाचणारा आहे पण अधिकार नाही, अशी डिगची गत झाली. अधिकार आहे पण कुणी वाचत नाही, अशी मथळ्यावर चालणाऱ्या मतदानाची गत आहे.

म्हणून खेळ खेळणाऱ्या आणि त्यांच्या बातम्या वाचणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे. मत द्यायच्या आधी लिंक उघडा. मथळ्यात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लेखात नसेल, तर तो पुढे पाठवू नका. रागाने तो शेअर केलात तरी साइटला क्लिक मिळतोच. बातमी दुसऱ्या बातमीवर बेतलेली दिसली, तर मूळ मुलाखत किंवा कंपनीचं निवेदन शोधून त्याची लिंक द्या. तक्रार करताना कारण लिहा. आपल्या आवडत्या कन्सोलची चापलूसी करणाऱ्या बातमीलाही तीच कसोटी लावा. घरात फ्री फायर खेळणारं मूल असेल, तर कोड कुठून येतात, कुणाला चालतात आणि त्या यादीतून कमाई कोणाची होते, हे त्याला एकदा बसून समजावून सांगा. आणि मनापासून लिहिणारी एखादी साइट सापडली, तर तिच्याकडे थेट जा, परवडत असेल तर वर्गणी भरा. चांगली बातमी लिहिणाऱ्याला तिच्यावर जगता आलं नाही, तर अडवायला क्लिकबेट भरपूर उरेल, पण वर न्यायला काहीच उरणार नाही.